वाटाड्याच्या नावेंत

कोंकणांत जन्मलेल्या माणसानें हातीं आलेला मासा आपण होऊन पाण्यांत सोडावा, ही गोष्ट आमच्या लहानपणीं कोणी सांगितली असती तर ती आम्हीं एखाद्या साधुपुरुषाच्या चरित्रांतली म्हणून ऐकली असती, आणि निमूटपणें पानावर जाऊन बसलों असतों. परंतु २०१९ सालच्या उन्हाळ्यांत हा प्रकार आम्हीं जवळजवळ रोज पाहिला. आणि तोहि अशा गृहस्थाच्या हातून, कीं ज्याचा चरितार्थ मासे धरण्यावरच चालत होता.

आमचे चिरंजीव टोरोंटो येथें नोकरीस असतात. त्या वर्षीं त्यांनीं स्टोनी लेक नांवाच्या सरोवराच्या कांठीं एक लांकडी घर उन्हाळ्यापुरतें भाड्यानें घेतलें होतें. कॅनडाच्या ऑंटेरिओ प्रांतांत अशा घरास कॉटेज म्हणतात, आणि टोरोंटोच्या उत्तरेस पसरलेल्या सरोवरांच्या व पाइन वृक्षांच्या मुलखास 'कॉटेज कंट्री' हेंच नांव पडून गेलें आहे. त्या एका प्रांतांत अडीच लाखांवर सरोवरें आहेत. स्टोनी लेक हें त्यांतल्या कावार्था सरोवरांपैकीं एक. १९२० सालीं पुरा झालेला ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग, ३८६ किलोमीटर लांबीचा, या सरोवरांतून जातो. स्टोनी लेकच्या उत्तरेस तांबूस ग्रॅनाइटचे पुरातन खडक, दक्षिणेस चुनखडीचा सपाट मुलूख, आणि मधल्या पाण्यांत शेंकडों बेटें. पहांटे लून पक्ष्याची किंकाळी ऐकून पहिल्या दिवशीं आम्ही अंथरुणांत उठून बसलों. आठ दिवसांनीं तीच ऐकून कूस बदलूं लागलों.

शेजारच्या घरांत एक गाइड राहत असे. गाइड म्हणजे वाटाड्या. पण हा डोंगरांतला नव्हे, पाण्यावरचा. शहरांतून येणाऱ्या हौशी मंडळीस नावेंत घेऊन मासे जेथें असतील तेथें नेणें, गळ कसा टाकावा तें शिकविणें, गुंतलेला तंगूस सोडविणें, आणि मासा निसटला म्हणजे चूक पाहुण्याची नसून माशाचीच होती असें पटवून देणें, हा त्याचा धंदा. वय पंचावन्नाच्या सुमारास. हिवाळ्यांत तो लोकांच्या दारांतलें बर्फ उपसतो आणि रिकाम्या कॉटेजांची सुतारकी करितो. खरी मिळकत उन्हाळ्याच्या चार महिन्यांची. आमच्यासारखा रिकामटेकडा म्हातारा रोज कांठावर येऊन उभा राहतो हें पाहून त्यानें एके दिवशीं आम्हांस दांड्याची जाळी हातांत देऊन नावेंत बसविलें. त्या दिवसापासून आम्ही त्याचे बिनपगारी मदतनीस झालों.

त्याचा मासा म्हणजे बास. बास हें नांव ऐकतांच आमच्या डोळ्यांपुढें जिताडा उभा राहिला, कारण जिताड्यालाहि इंग्रजींत 'सी बास' म्हणतात. परंतु या दोघांचें कांहीं नातें नाहीं. कावार्थांत बासच्या दोन जाती आहेत. मोठ्या तोंडाचा तो शेवाळांत आणि कमळांच्या पानांखालीं दबा धरून बसतो. लहान तोंडाचा तो खडकाळ जागीं राहतो आणि क्रेफिश, म्हणजे आपल्या शेवंडीची धाकटी बहीण शोभेल असा गोड्या पाण्यांतला प्राणी, आवडीनें खातो. या लहान तोंडाच्या माशाचें शास्त्रीय बारसें लासेपेद नांवाच्या फ्रेंच पंडितानें १८०२ सालीं केलें. त्याच्यापुढें आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. फाटून सुटा झालेला तुकडा हा एक निराळा चिमुकला परच आहे असें समजून त्यानें या कुळाचें नांव 'लहान पराचा' असें ठेविलें, आणि तें आजतागायत चालूं आहे. पंडितांच्या चुका माशांना अशा जन्मभर वागवाव्या लागतात.

आतां नावेंत मासा कोठें आहे तें दाखविणारें यंत्र बसविलेलें असतें. पण यंत्र मासा दाखवितें, त्याची मर्जी दाखवीत नाहीं. ती वाऱ्याच्या दिशेवरून, पाण्याच्या उष्णतेवरून, खडकाच्या सावलीवरून आमचा वाटाड्या ताडीत असे. उत्तरेकडे अल्गोंक्विन उद्यानांत कॅनडाचा प्रसिद्ध चित्रकार टॉम थॉमसन यानेंहि गाइडचें काम केलें होतें. १९१७ सालीं तेथल्याच कॅनू लेकमध्यें त्याचा अंत झाला. त्याचीं चित्रें आम्हीं नंतर पाहिलीं. पाण्याकडे पोटासाठीं पाहणाऱ्या माणसाची नजर त्यांत आहे असें आम्हांस वाटलें. कदाचित् शेजाऱ्याच्या संगतीनें आम्हांस तसें दिसलें असेल.

या धंद्यांतली अवघड गोष्ट आम्हांस पहिल्याच आठवड्यांत कळावयास हवी होती, ती कळली नाहीं. वसंतांत पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापलें कीं बासचा नर कांठाजवळच्या उथळ पाण्यांत शेपटीनें गाळ झाडून खडीची एक वाटोळी थाळी तयार करितो. मादी तींत अंडीं घालून निघून जाते. मागें राहतो तो नर. पर हालवून तो अंड्यांवर ताजें पाणी खेळवितो, अंडीं फुटून पिल्लें पोहूं लागेपर्यंत आणि पुढेंहि कित्येक दिवस जागचा हलत नाहीं. या काळांत त्याचें खाणेंहि जवळजवळ सुटतें. सनफिश, पर्च असे चोरटे मासे भोंवतीं टपलेले असतातच. अशा वेळीं त्याच्या डोक्यावरून गळ गेला कीं तो भुकेनें नव्हे, संतापानें तुटून पडतो. म्हणजे त्याला धरावयास गाइड लागत नाहीं. आमच्यासारखा अनाडीहि पुरतो.

यासाठींच तेथील सरकारनें बास धरणें जूनमधल्या एका ठराविक शनिवारापर्यंत बंद ठेविलें आहे. पण मासे पंचांग पाहत नाहींत. त्या वर्षींचा वसंत थंड आणि ओला होता, मस्कोकाकडे तर पूर आले होते. पाणी उशिरां तापलें, आणि हंगाम उघडला तेव्हां कित्येक नर अजून घरट्यांवर होते.

हंगामाच्या पहिल्या रविवारीं शहरांतून दोन गृहस्थ आले. काठ्या नव्या, टोप्या नव्या, आणि मोठा मासा धरून त्याचें छायाचित्र कचेरींत दाखवावयाचें हा निश्चय पक्का. आमच्या गाइडनें त्यांना दिवसभर खोल पाण्याच्या कडेनें फिरविलें. एका बेटाच्या आड किनाऱ्याचा एक शांत कोनाडा होता. तेथें आल्यावर त्यानें इंजिनाचा वेग कमी न करितां उलट वाढविला. आम्हीं तें लक्षांत ठेविलें. त्या दोघांना सात-आठ लहान मासे मिळाले. संध्याकाळीं त्यांनीं ठरलेले पैसे मोजून दिले, बक्षिसी दिली नाहीं, आणि जातांना 'पुढच्या वेळीं' हे शब्दहि उच्चारले नाहींत. गाइड नाव धूत राहिला. आम्हांस वाटलें, हा माणूस सज्जन खरा, पण धंद्याची अक्कल याला बेताची.

दोन दिवसांनीं संध्याकाळीं आम्ही बारा वर्षांच्या नातवाला घेऊन कॉटेजच्या लहान होडींतून त्या कोनाड्यांत गेलों. पाणी आरशासारखें स्तब्ध होतें. गळाला रबराचा क्रेफिश लावून आम्हीं तो खडकाशेजारीं टाकला. तळाला पोंचतो न पोंचतो तोंच काठी कमानीसारखी वांकली. तो मासा पाण्याबाहेर दोनदां उडाला. दुसऱ्या उडीला त्याचा तांबडा डोळा आम्हांस स्पष्ट दिसला. जाळींत आला तेव्हां आमच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरला. नातवानें छायाचित्र घेतलें. मग त्याच्या हातीं मासा देऊन आम्हीं घेतलें. पहिल्यांत ऊन तोंडावर आलें म्हणून पुन्हां घेतलें. हें सर्व चाललें असतां नातू होडीच्या कडेवरून वांकून म्हणाला, "आबा, खालीं बघा."

खालीं वावभर पाण्यांत खडीची स्वच्छ थाळी होती, आणि तींत वीस-पंचवीस सनफिश डोकीं खालीं घालून दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखे टिपीत होते.

आम्हीं मासा लगेच सोडला. तो क्षणभर होडीच्या सावलींत कलता राहिला आणि मग खोल पाण्याच्या बाजूस गेला. थाळीकडे गेला नाहीं. "हे त्याचीं अंडीं खात होते का?" नातवानें विचारलें. आम्ही म्हणालों, "वल्हें घे, अंधार पडतो आहे."

दुसऱ्या दिवशीं गाइडला ही हकीकत आपण होऊन सांगावी कीं न सांगावी याचा विचार आम्ही चहा घेतांना करीत होतों. तोंवर नातवानें मोठ्या अभिमानानें त्याला छायाचित्र दाखविलेंहि होतें. गाइडनें माशाकडे पाहिलें नाहीं. आमच्या पाठीमागच्या खडकाकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां आम्हां दोघांस नावेंत घेऊन तो त्या कोनाड्यांत गेला, इंजिन दूरच बंद केलें, आणि पाण्यावरची तिरीप मारणारा आपला चष्मा काढून आमच्या हातीं दिला. थाळी होती. तींत कोणी नव्हतें. नर नव्हता आणि चोरहि नव्हते, कारण चोरावयास कांहीं उरलें नव्हतें.

"पांच वर्षें येथें एक नर बसतो," तो म्हणाला. "हाच कीं दुसरा, तें शपथेवर सांगतां यावयाचें नाहीं." अल्गोंक्विन उद्यानांतल्या ओपिओंगो सरोवरांत शास्त्रज्ञांनीं खुणा केलेल्या नरांवर वर्षानुवर्षें पाळत ठेविली, तेव्हां बहुतेक नर पूर्वींच्या घरट्याच्या अगदीं जवळपासच पुन्हां घरटें करितात असें आढळून आलें आहे. म्हणजे गाइडचा तर्क वावगा नसावा. थोड्या वेळानें तो पुढें म्हणाला, "त्या दोघांना रविवारीं येथें आणलें असतें तर त्यांनीं मला शंभर डॉलर वर दिले असते. मला ते नको होते असें समजूं नका."

तो रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. कायद्यानें आम्ही निर्दोष होतों: हंगाम उघडलेला, परदेशी माणसाचा परवाना खिशांत, आणि मासा तर आम्हीं सोडलाहि होता. एका घरट्यानें सरोवर ओस पडत नाहीं, हेंहि आम्हांस कळतें. शिवाय बास कांहीं देवमाणूस नव्हे. याच माशाला माणसांनीं हौसेखातर उत्तरेकडील ज्या सरोवरांत नेऊन सोडलें, तेथें तो कांठचे लहान मासे फस्त करून तेथल्या मूळच्या लेक ट्राउटच्या तोंडचा घांस काढून घेतो, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें आहे. हे सर्व युक्तिवाद आम्हीं त्या रात्रीं स्वतःपुढें केले, आणि प्रत्येकाच्या शेवटीं तो टिपणाऱ्या कोंबड्यांचा देखावा येऊन उभा राही.

त्याबरोबर आणखीहि एक आठवण येई. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं आमच्या गांवीं ओढ्यांतून मासे अंडीं घालण्यास भातखाचरांकडे चढत. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. सारा गांव कंदील, टोपल्या, कोयते घेऊन रात्रीं बाहेर पडे, आणि त्या माशांतली गाबोळी हा तर घरांतल्या मुलांचा हक्क असे. आम्हीं ती मिटक्या मारीत खाल्ली आहे. त्याच गांवच्या तळ्यांत मरळ मासा आपल्या लालसर पिल्लांच्या थव्याखालीं राखण करीत फिरतांना आम्हीं पाहिला आहे, आणि थवा दिसला कीं खालीं मरळ आहे एवढाच धडा आम्हीं त्यावरून घेतला होता. चढणीच्या माशांना धरूं नये असें त्या काळीं आम्हांस कोणी म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर गाबोळीचा वास येत असतांना ऐकलें असतें असेंहि नाहीं.

परवान्याचें म्हणाल तर त्या पाण्याची परवान्याशीं जुनी आणि कडू ओळख आहे. कावार्था हा मुळांत मिसिसॉगा लोकांचा मुलूख. १९२३ सालच्या विल्यम्स करारांनीं त्यांनीं आपल्याच पाण्यांत मासे धरण्याचा हक्क सोडून दिला असें सरकार समजत आलें. स्टोनी लेकचें पाणी ज्या ऑटोनाबी नदीनें पुढें जातें, तींत बंदीच्या काळांत मासे धरल्याबद्दल त्या समाजांतल्या एका गृहस्थावर खटला झाला, आणि १९९४ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्याविरुद्ध निकाल दिला. हा हक्क सरकारांनीं पुन्हां मान्य केला तो २०१८ सालीं, आणि त्याबरोबर क्षमाहि मागितली. आम्हीं मात्र आमचा परवाना पैसे भरून, क्षणांत, यंत्रावर मिळविला होता.

जुलै-ऑगस्टविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. दिवस लांब, पाणी कोमट, पाहुणे पुष्कळ. पहांटे व संध्याकाळीं मासे लागत. दुपारीं खडकावर चूल पेटवून जेवण होई. त्यासाठीं गाइड पर्च आणि सनफिश ठेवून घेई, बास सोडून देई. आमच्या सूनबाईंनीं दिलेली हळद-तिखटाची डबी आणि रवा एकदां त्याच्या तव्यापाशीं पोंचला, आणि मग त्यावांचून त्याचें चालेना. एक लहान मुलगा बापाबरोबर आला होता. त्याला तळहाताएवढा सनफिश लागला, आणि तो इतक्या जोरानें ओरडला कीं पलीकडच्या बेटावरचा बगळा उडाला. बापाला मोठा बास लागला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. त्या दिवशीं गाइड प्रथमच मोठ्यानें हंसला. त्या कोनाड्याचें नांव आमच्यांत पुन्हां निघालें नाहीं. नाव त्यासमोरून जाई तेव्हां नातू दुसरीकडे पाहत असे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीं तेथें कामगार दिनाची सुट्टी असते, आणि कॉटेजांची वस्ती तेव्हांपासून पांगूं लागते. आदल्या संध्याकाळीं आमच्या अंगणांत शेजाऱ्यांचें जेवण होतें. चिरंजीवांनीं कौतुकानें तें छायाचित्र सर्वांना दाखविलें. पलीकडच्या बेटावरचे एक गृहस्थ मासेमारीचे मोठे शौकीन. पुढल्या जूनमध्यें त्यांचे चार मित्र हंगामाच्या पहिल्याच दिवशीं यावयाचे होते. त्यांनीं तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "हा कोठें लागला तुम्हांला?"

नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं दक्षिणेकडे, चुनखडीच्या कांठाकडे, हात केला. "त्या टोकापाशीं," आम्ही म्हणालों, "खोल पाण्यांत."

"वीस फूट," नातू म्हणाला.

गाइड तव्यावरचे पर्च उलटीत होता. त्यानें मान वर केली नाहीं. हळदीची डबी मात्र मागितली.