पंच्याहत्तरचा पिस्टन

राजदूत कधी कुणा एकाची नसायची. आर.सी. बुकावर नाव वडिलांचं असे, पण किल्ली सोप्यातल्या खिळ्याला लटकलेली असे आणि तो खिळा सगळ्या भावकीचा होता. थोरले चुलते तिच्यावरून बाजार समितीत जात, धाकटे चुलते कुठं जातात ते विचारायचं नसे, शेजारच्या काकूंना दमा उसळला की रात्री डॉक्टरकडं तीच धावे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांचे वडील मास्तर, ग्रामसेवक किंवा सोसायटीचे सचिव होते, त्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरी हाच कारभार होता. गाडी राजदूत नसली तर येझदी असे, एवढाच काय तो फरक. येझदीवाले आम्हाला कमी समजत, पण त्यांच्याही दारात संध्याकाळी प्लग काढून बसलेला माणूस दिसेच.

एस्कॉर्ट्स कंपनी फरिदाबादला ही गाडी बनवायची. साठच्या दशकात पोलंडच्या एका मोटरसायकलवरून ती घेतलेली. एकशेत्र्याहत्तर सी.सी.चं टू-स्ट्रोक इंजिन, जड अंग आणि किक अशी की नवशिक्याच्या नडगीवर तिची खूण राहायचीच. जाहिरातीत धर्मेंद्र होता. १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमा आला आणि कंपनीची त्यातली छोटी गाडी ‘बॉबी’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली; कॉलेजात जाणाऱ्या चुलत्यांना ती हवी होती. आमच्या घरी मात्र थोरली आली, कारण तिला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवता येत. आम्ही गवळी नव्हतो. पण गाडी घेताना ती उद्या कुणाला विकता येईल याचा विचार आधी होई, आणि आमच्याकडं जुन्या राजदूतचं गिऱ्हाईक म्हणजे दूधवाला.

हिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळतं ते त्या पेट्रोलमधूनच. लिटरमागं ठरलेलं माप, जराही कमी नको. जास्त झालं तर सायलेन्सर काजळीनं भरतो, प्लग ओला होतो, मागच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिपके उठतात, ते परवडलं. कमी झालं की मग इंजिनावरच बेततं. वडील गाडी देताना एवढंच विचारत, “पेट्रोल भरलंस तर ऑइल?” आम्ही पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चैत्र यात्रेच्या आदल्या रविवारी घरातून जोतिबाला जायचं ठरलं. यात्रेदिवशी सासनकाठ्यांच्या गर्दीत गाडी वर जात नाही म्हणून आधी. वडील, आई, मध्ये मी आणि टाकीवर धाकटी बहीण. हेल्मेटबिल्मेट काही नव्हतं. केर्लीच्या फाट्यावरून वर चढताना दुसऱ्या वळणाच्या पुढं गाडीचा आवाज बदलला. आधी कर्कश झाला, मग आखडला, आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. वडिलांनी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. आई उतरली, बहिणीला कडेवर घेतलं, डोंगराकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाली, “दर्शन झालं. चला.” न्यूट्रलमध्ये उतारानं गाडी केर्लीपर्यंत खाली आली. त्या रस्त्यात वडील एक शब्द बोलले नाहीत.

आदल्या दिवशी गाडी मामांनी नेली होती. टाकी फुल्ल करून आणली होती, मोठ्या मनानं. नुसत्या पेट्रोलनं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो तोवर दोघांचं जमतं. चैत्राचं ऊन, चढ, चार माणसं आणि कोरडं पेट्रोल एकत्र आलं की पिस्टन भिंतीला चिकटतो. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी मिस्त्रींनी हेड खोललं, बोट आत फिरवलं आणि ते बोट वडिलांपुढं धरलं. “गुर्जी, रेघा वडल्यात बघा. हाफ इंजान करायला लागतंय. काय करायचं म्हनतासा?”

त्यानंतरचे चार-आठ दिवस घरात जे चाललं, तसं तुमच्याही घरी चाललेलं असणार. थोरल्या चुलत्यांचं मत, आहे तशी विका. एकदा आडरानात सोडलं त्या गाडीवर पुन्हा बायकापोरं घालू नयेत. आजीचं मत, दारची वस्तू पडली म्हणून विकत नाहीत. धाकट्यांना नवी हिरो होंडा हवी होती. ती १९८५ पासून निघाली होती, फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायला नको, आणि एका लिटरमध्ये जी काही जाते म्हणत, ते राजदूतवाल्याला ऐकवत नसे. मामा त्या आठवड्यात आमच्याकडं फिरकले नाहीत. वडील सगळ्यांचं ऐकून घेत आणि सकाळी एस.टी.नं शाळेला जात. शाळा फाट्यापासून अडीच मैल आत होती.

निर्णय झाला तो मिस्त्रींच्या एका प्रश्नावर. त्यांनी विचारलं, “याआधी बोर कितीदा मारलाय?”

आमच्या पिढीला हा हिशेब पाठ असायचा. सिलिंडर घासला की लेथवर नेऊन आतून थोडा मोठा कापायचा आणि त्या मापाचा जाडा पिस्टन घालायचा. स्टँडर्डनंतर पाव मिलिमीटर वाढीव तो पंचवीसचा, मग पन्नासचा, पंच्याहत्तरचा, शेवटी शंभरचा. त्यापुढं सिलिंडरची भिंत कापू देत नाही. नवी स्लीव्ह तरी बसवायची, नाहीतर सिलिंडर भंगारात. म्हणजे गाडी किती म्हातारी झाली ते वर्षांवरून नव्हे, बोअरवरून ठरे. लग्नात दोन राजदूतवाले भेटले की “तुमची कितीवर आहे?” असं विचारत. आमची पन्नासवर होती. म्हणजे अजून पंच्याहत्तर आणि शंभर शिल्लक.

आई त्यावर जे बोलली ते आम्हा भावंडांना आजही शब्दशः येतं. ती सातवी शिकलेली, पण भिशी तिच्याकडं असायची. म्हणाली, “नव्या गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतोय. ही बंद पडली तर वर्षातनं एकदा पडंल. आणि जूनला दोघांची पुस्तकं हाईत.” बस्स. पतसंस्थेचं कर्ज काढून नवी घ्यायचा चुलत्यांचा बेत तिथंच मोडला. कोण काय मायेनं म्हणालं, गाडीत कुणाचा जीव अडकला होता, याचा त्या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतो. अलीकडं आमच्या वयाचे लोक जमले की जुन्या गाड्यांचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, तेव्हाच्या वस्तू टिकायच्या. मला ते पटत नाही. राजदूत टिकायची नाही. तिचे पॉइंट दर थोड्या दिवसांनी पॉलिश पेपरनं घासावे लागत, पावसाळ्यात ती प्लगसाठी हट्ट धरी, सायलेन्सर काढून आतली काजळी जाळावी लागे. पण ती खोलता यायची, आणि खोलणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असायचा. शिवाय दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. ऐपत असती तर आमच्या वडिलांनी तिला केर्लीच्या फाट्यावरच राम राम केला असता, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं.

सिलिंडर उद्यमनगरात गेला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेव्हा गल्लीगल्लीत लेथ फिरायचे. शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनापासून ट्रकच्या क्रँकपर्यंत तिथं काहीही घडे. पिस्टन आणि रिंगा मात्र तिथल्या दुकानात त्या मापाच्या मिळेनात. पुण्याला कुणी जाणारं गाठून नाना पेठेतून मागवल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं आईनं देवळीत ठेवलं होतं, मिस्त्री येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणून. लेथवाल्यानं पिस्टन हातात घेऊन, त्याला मापून मग बोअर मारला. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधणारा मिस्त्री खोटा, असं वडील नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

इंजिन बांधून आल्यावर रनिंग काढायचं. सुरुवातीला वेग नाही, डबलसीट नाही, ऑइल नेहमीपेक्षा अंमळ जास्त, थोडं चालवून थांबायचं आणि थंड होऊ द्यायचं. वडील शाळेला जाताना वाटेत दोनदा उभे राहत. रस्त्यानं जाणारे विचारत, “गुरुजी, बंद पडली?” ते म्हणत, “नाही, नवी आहे.” किल्लीचा खिळा त्या महिन्यात रिकामा होता, किल्ली त्यांच्या खिशात. मामा तेव्हा कुठं पुन्हा यायला लागले.

शंभरचा पिस्टन आमच्या हातून लागला नाही. बहीण बारावीला असताना गाडी वारणेकडच्या एका दूधवाल्याला दिली आणि वडिलांनी शेवटी हिरो होंडा घेतली. दरम्यान १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक मोटरसायकली एकेक करून बाजारातून गेल्या, आणि ऑइलच्या मापाबरोबर वडिलांची ती विचारणाही गेली. हिरो होंडा थकली तेव्हा मिस्त्रींच्या मुलानं बोअरचं नावच काढलं नाही. सिलिंडर-पिस्टन असा सगळा किट आणला, बदलला आणि संध्याकाळी गाडी दारात. वडील थोडे हिरमुसले. कुणाशी चर्चा करायलाच काही राहिलं नव्हतं. आता पंधरा वर्षांनंतर गाडीचं पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, त्यासाठीच्या खेपा. जुनी ठेवायची की नाही हे निम्मं आर.टी.ओ.च्या खिडकीवरच ठरतं.

मामांच्या मुलानं गेल्या वर्षी पुण्यात एक राजदूत मिळवली. गंजलेली, शंभरवर गेलेली. नवी स्लीव्ह, क्रोम, मूळ रंग, टाकीवरची अक्षरं रंगवणारा पेंटर शोधून काढला. हौसेनं आईला व्हिडिओ कॉल करून दाखवली. आईनं खर्चाचा आकडा ऐकला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “एवढ्यात तर दारात नवीकोरी आली असती की रं. पळती तरी का?”

“पळते की, आत्या. रविवारी.”

“ऑइल घालतोस न्हवं?” आईनं विचारलं. मागं खाटेवर बसलेले मामा म्हणाले की त्या पंपावरच्या पोरानं तेव्हा ऑइल घातलं होतं, त्यांनी स्वतः बघितलं होतं.