मळभ

आकाश भरून आले की मन उदास होते, असे आपण सहज बोलून जातो. सगळ्याच गावांना हे बोलणे लागू पडते असे मात्र नाही. आमचे शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. येथे आषाढात पश्चिमेकडून काळे ढग चालून आले, म्हणजे ओट्यावर बसलेली माणसे बोलणे अर्धवट टाकून वर पाहू लागतात. त्यांच्या मुद्रेवर एकच प्रश्न असतो : हे ढग येथे थांबणार, की पाहुण्यासारखे वेशीवरूनच पुढे जाणार?

याचे कारण तुम्ही भूगोलाच्या तासाला शिकला असाल. समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर रिते करतात. डोंगर ओलांडून ते आमच्याकडे उतरतात, तेव्हा उष्ण आणि कोरडे झालेले असतात. घाटमाथ्यावरील आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या वाट्याला पाचशे-सहाशे मिलिमीटर येतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा भाद्रपदाच्या सुमारास. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली, तर रब्बीची ज्वारी साधते.

१९७२ च्या दुष्काळात मी तुमच्याच वयाचा होतो. त्या वर्षी आकाश रोज निरभ्र असे. एखाद्या चित्रकाराला मोह पडावा इतके ते निळे होते. आम्हांला मात्र त्याच्याकडे पाहवत नसे. मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मुलांना सुकडी मिळे, आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी घरोघरी भाजल्या जात. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरावी लागे. जनावरे विकून गाव सोडणारी बिऱ्हाडे मी पाहिली. त्यांना गावाबाहेर काढले ते लख्ख उन्हाने.

अशा मुलखात वाढलेला मी पुढे मराठीचा एम. ए. झालो आणि १९८४ च्या जूनमध्ये आंबोलीच्या परिसरातील एका शाळेत रुजू झालो. पहिले दोन दिवस मी छत्री न उघडता हिंडलो. इतके पाणी फुकट पडताना मी जन्मात पाहिले नव्हते! तिसऱ्या आठवड्यात माझा नूर पालटला. सूर्य कोणत्या बाजूला उगवतो हेही विसरायला झाले. सदरे चुलीवर वाळवावे लागत, त्यांना धुराचा वास येई. पुस्तकांवर बुरशी धरली. काड्यापेटीतली काडी ओढून ओढून झिजे, पण पेटत नसे. धुके वर्गात शिरे आणि मागच्या बाकावरील मुले नुसती आवाजाने हजर असत. हळूहळू मला त्या गावातले सारेच खुपू लागले. तिथली वाट, तिथली पेज, माणसांच्या बोलण्यातला हेलसुद्धा! एका रात्री कंदिलापाशी बसून मी बदलीचा अर्ज लिहिला आणि सकाळी मुख्याध्यापकांच्या पुढे ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, “गुरुजी, अर्ज माझ्यापाशी राहू द्या. दसरा होऊ दे, उघडीप पडू दे, मग तुम्हीच तो एकदा वाचा. तेव्हाही हेच म्हणणे असले, तर त्याच दिवशी शिफारस करून वर पाठवीन.”

दसऱ्याला त्यांनी आठवणीने अर्ज माझ्या हाती दिला. धुके निवळले होते. दरीच्या पलीकडे सावंतवाडीकडचा हिरवा मुलूख स्पष्ट दिसत होता आणि भाताला पिवळी झाक आली होती. अर्जात मी सात तक्रारी मांडल्या होत्या. त्यांतल्या सहा ओल्या होत्या, आणि आता त्या वाळल्या होत्या. सातवी घरापासून दूर असल्याची होती. ती खरी होती, पण तिच्यासाठी बदली मागावी असे वाटेना. त्या शाळेत मी नऊ वर्षे राहिलो. आगोटीची बेगमी कशी करावी, पडवीला आडोसा केव्हा बांधावा, संततधारेत फणसाच्या आठळ्या भाजून गप्पा कशा रंगवाव्यात, हे तिथल्या लोकांनीच मला शिकवले.

नंतर वाचनात आले, की नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अमेरिकेत त्यांनी काही लोकांना उन्हाच्या दिवशी आणि काहींना पावसाच्या दिवशी दूरध्वनी करून विचारले, “तुम्ही आपल्या आयुष्यात कितपत समाधानी आहात?” पावसाच्या दिवशी उत्तरे अधिक नाराजीची आली. पण ज्यांना आधी सहज विचारले होते, “तुमच्याकडे हवा कशी आहे?”, त्यांच्या उत्तरांत हा फरक जवळजवळ उरला नाही. मळभ बाहेरचे आहे याची त्यांना आठवण झाली होती. आमच्या मुख्याध्यापकांनी हा प्रयोग वाचला असेल असे मला वाटत नाही. तो काही अखेरचा शब्दही नव्हे. २०१३ साली दहा लाखांहून अधिक अमेरिकनांची उत्तरे तपासली गेली, तेव्हा त्या त्या दिवसाच्या हवेचा आयुष्याविषयीच्या मतावर भरवशाचा परिणाम आढळला नाही. फिनलंडच्या उत्तर भागात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. तरीही जगातील देशांच्या समाधानाच्या जागतिक अहवालात तो देश २०१८ पासून वर्षानुवर्षे पहिला येत राहिला.

आमच्याकडेही पाऊस सर्वांना सारखा गोड नसतो. मुळा धरणाचे पाणी कालव्याने आल्यापासून या भागात ऊस उभा राहिला. अवेळी पाऊस आला, की ऊसतोडणी कामगारांच्या कोपीत चिखल होतो आणि चाळीतला कांदा सडू लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात शेजारच्या शेवगाव-पाथर्डी भागात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. तेव्हा ढगांकडे पाहणाऱ्या डोळ्यांत भीती होती, आणि ती अगदी रास्त होती.

आणि तरीही आमच्या गावाची कथा पुरापासूनच सुरू होते. मोठा पाऊस होऊन पानसनाल्याला पूर आला, त्यात वाहत आलेली काळी शिळा बोरीच्या झाडाला अडकली आणि तोच शनिदेव, असे लोक श्रद्धेने सांगतात. सुमारे साडेपाच फूट उंचीची ती शिळा चौथऱ्यावर उघड्या आकाशाखाली उभी आहे. छप्पर नको, असे देवानेच सांगितल्याची कथा आहे. देवाच्या भरवशावर गावातल्या पुष्कळ घरांनाही नुसती चौकट असते, दार नसते. चोर येत नाही म्हणतात. पाऊस मात्र खुशाल आत येतो. परवा हस्ताच्या सरी कोसळल्या, तेव्हा शेजारच्या आजींनी उंबऱ्यावरून घरात शिरलेले पाणी खराट्याने बाहेर लोटले. ते पुन्हा आत आले. त्यांनी पुन्हा लोटले. तिसऱ्या वेळी त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, धान्याची कणगी पाहून घेतली, आणि पदर सावरून चौकटीत पाऊस पाहत बसल्या.