मुलांना न्यावे की ठेवून जावे?

परवा विहारात वंदना झाल्यावर एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आमच्या सुनेला परदेशी शिकायला जायची संधी आली आहे. नातू दोन वर्षांचा. मी सांभाळते म्हणते, पण ती त्याला घेऊनच जाईन म्हणते. तुम्ही जाऊन आलात, तिला जरा समजवा."

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. हाच प्रश्न २०२१ साली आमच्या घरात उभा राहिला होता. तेव्हा मी एका लेकराला नेले आणि एकाला ठेवले. दोन्ही बाजूंचा अनुभव माझ्यापाशी आहे. माझ्या भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे सांगते.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडची. वडील धानाच्या बांधीत राबले, आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची. माझे यजमान घुग्घुसला एका खासगी कारखान्यात फिटर होते. मला इंग्लंडमधल्या लीड्स शहरात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला आणि सरकारी शिष्यवृत्तीही मंजूर झाली. आईने गल्लीभर पेढे वाटले. पण रात्री दिवा मालवला की मला झोप येत नसे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. आणि मुलीला सिकलसेल.

हा आजार आपल्या भागाला नवा नाही. आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या समाजातही आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले की प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता शंभरात पंचवीस असते. आम्ही लग्नाआधी रक्त तपासले नव्हते. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हाडांच्या दुखण्याने तळमळते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, ही त्याची निमित्ते. म्हणून आई म्हणाली, "पोरीले थंडीत कायले नेतेस बाई? तिले माह्याजवळ ठेव. पोट्टा धडधाकट हाये, त्याले ने."

आईचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मुलीचे दुखणे रात्री उठायचे. साठी ओलांडलेल्या आईने मध्यरात्री तिला घेऊन दवाखाना कसा गाठायचा? म्हणून मी उलटे ठरवले.

दोघांनाही का नेले नाही, याचे उत्तर पैशात आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते, कुटुंबाचा खर्च आपला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लंडनबाहेर राहणार असाल तर प्रत्येक आश्रितामागे महिना ६८० पौंड, असे नऊ महिन्यांचे ६,१२० पौंड २८ दिवस खात्यात दाखवावे लागत. म्हणजे माणशी सहा लाखांच्या वर. शिवाय तिथल्या आरोग्यसेवेचा आगाऊ आकार, विद्यार्थ्याच्या कुटुंबातल्या माणसामागे वर्षाला ४७० पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. (फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला आहे.) आई-वडील दोघेही तिथे राहणार असतील तरच साधारणपणे मुलाला व्हिसा मिळतो. म्हणून यजमानांना नोकरी सोडावी लागली. त्यांचा भविष्य निर्वाह निधी, आईचे दागिने आणि भावाने काढलेले कर्ज मिळून दोघांपुरते पैसे जमले. तिसऱ्यापुरते जमले नाहीत.

सप्टेंबरात आम्ही निघालो, तेव्हा मुलगा झोपेत होता. रडेल म्हणून त्याला उठवले नाही. ही माझी चूक. उठल्यावर तो तीन दिवस दाराशी बसून होता, हे आईने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

लीड्सला डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. पहिल्याच थंडीत मुलीचे पाय दुखायला लागले. रुग्णालयात नेले तेव्हा मी आजार समजावून सांगायच्या तयारीने गेले होते. त्याची गरजच पडली नाही. तिथे आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांत हा आजार पुष्कळ आहे आणि इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची तपासणी होते. मुलीला रोज पेनिसिलीन सुरू झाले, हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले. दोन ते सोळा वर्षांच्या अशा मुलांच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह तिथे वर्षातून एकदा तपासतात, म्हणजे पक्षाघाताचा धोका आधीच कळतो. बाकावर माझ्या शेजारी एक नायजेरियाची बाई तिच्या मुलाला घेऊन बसली होती. ती घोटाघोटाने त्याला पाणी पाजत होती, मी माझ्या मुलीला. आम्हाला एकमेकींची भाषा नीट कळत नव्हती, पण दुखणे कळत होते. आमच्या गावात मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून लोक हा आजार लपवतात. तिथे त्याबद्दल बोलायला कुणी लाजत नव्हते.

शाळेचीही काळजी मिटली. सरकारी शाळेला फी नाही आणि पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांना दुपारचे जेवण फुकट. पण तीन वर्षांखालच्या मुलाला पाळणाघरात ठेवायचे तर खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. तीन पूर्ण झाल्यावर, पुढच्या सत्रापासून, आठवड्याला पंधरा तास मोफत मिळतात. मुलाचा तिसरा वाढदिवस मी फोनवरच पाहिला.

सुरुवातीला तो फोन हातात घेऊन त्याच्या मागे बघायचा, आई मागे लपली आहे असे वाटून. पुढे पुढे फोनजवळ यायचेच बंद केले. यजमान गोदामात रात्रपाळी करत होते. पैसे जमले तसे ते २०२२ च्या एप्रिलमध्ये जाऊन त्याला घेऊन आले. दारात मी हात पसरले, तर तो वडिलांच्या पायामागे लपला आणि म्हणाला, "ही फोनवाली आई." सात महिन्यांची ही किंमत. ती त्यानेही दिली आणि माझ्या आईनेही. त्याला पाठवून दिल्यावर ती कितीतरी दिवस दोन ताटे वाढत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही बसने लंडनला गेलो. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. मुलीने सगळे बघितले आणि विचारले, "बाबासाहेबांची मुलं कोणत्या खोलीत झोपायची?"

मी तिला बाहेर बाकावर बसवून सांगितले. मुले इथे नव्हती. ती मुंबईत, परळच्या चाळीत, रमाईपाशी होती. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला निघाले तेव्हा यशवंतराव वर्षाचेही नव्हते. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. त्यात कुटुंब नेण्याचा विचारसुद्धा शक्य नव्हता. रमाईच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे रमाई पण फोनवाली नाही, चिठ्ठीवाली होती."

आपण रमाईचा त्याग सांगतो आणि पुढच्या प्रत्येक बाईकडून तोच मागतो. पण तिच्यापुढे दुसरी वाट कुठे होती? आज वाट असेल तर ती घेणे म्हणजे सुखाला चटावणे नव्हे. आणि वाट नसेल, लेकरू ठेवून जावेच लागले, तर त्या आईला दगड काळजाची म्हणू नये.

म्हणून मी त्या बाईंकडे दुसऱ्या दिवशी गेले आणि सुनेला नव्हे, त्यांनाच समजावले. आधी सून कशासाठी जाते ते विचारा. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये संशोधनाची पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचा सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असेल तरच विद्यार्थ्याला कुटुंब नेता येते. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर मुलाचे नाव एकसारखे आहे का ते बघा. तुमची आणि नातवाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. पैसे पुरत असतील तर नातवाला जाऊ द्या. पुरत नसतील तर तुम्ही सांभाळाल, पण किती महिने ते आजच ठरवा. आणि निघताना त्याला झोपेतून उठवा. रडू द्या.

२०२५ मध्ये आम्ही परत आलो. मुलीला तिथे थंडीपासून जपले, इथे उन्हापासून जपते. पाण्याची बाटली तिच्या गळ्यात असते. मुलगा आता सहावर्षांचा झाला आहे. रात्री अजूनही तो आजीच्याच कुशीत झोपतो. मी त्याला उचलून आणत नाही. तेवढा हक्क तिने कमावला आहे.