पुरावे जोडताना

सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचा ग्रंथालयशास्त्राचा मास्टर्स अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन आहे. शेवटी प्रबंध लिहायचा किंवा ई-पोर्टफोलिओ करायचा, असे पर्याय असतात. कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करत मी शिकत होते. रोजचं काम आणि अभ्यास यांची सांगड घालता येईल म्हणून मी पोर्टफोलिओ घेतला.

लांबून वाटतं, की आजवरचे पेपर वेबसाइटवर नीट लावले की झालं. तसं नसतं. ग्रंथपालाला काय काय यायला हवं, याची ए, बी, सी अशी अक्षरं लावलेली यादी असते. व्यावसायिक नीतिमत्ता, संग्रहाची निवड, माहितीची मांडणी, संशोधनपद्धती, सेवांचं मूल्यमापन, असं बरंच काही तीत येतं. प्रत्येक अक्षराखाली निबंध लिहायचा आणि हे आपल्याला येतं याचे पुरावे जोडायचे. गटाने केलेला प्रकल्प असेल तर त्यातला आपला वाटा कोणता, तेही स्पष्ट लिहायचं. सगळ्या विषयांचे पेपर, सादरीकरणं, इंटर्नशिपचे अहवाल मी एका तक्त्यात उतरवले आणि कोणतं काम कोणत्या अक्षराखाली बसतं ते ठरवत गेले.

'जी' हे अक्षर माहितीच्या मांडणीचं, म्हणजे वर्गीकरण, तालिकीकरण आणि मेटाडेटाचं. तिथे मी मराठी पुस्तकाची नोंद पुरावा म्हणून घेतली: साने गुरुजींचं 'श्यामची आई'.

अमेरिकी ग्रंथालयांत मराठी शीर्षक ठरलेल्या नियमांनी रोमन लिपीत लिहितात. त्या नियमांत 'च'साठी नुसता सी येतो आणि 'म'मधला अ बोलताना गळाला तरी लिहावा लागतो. त्यामुळे 'श्यामची' हा शब्द एस-वाय-ए-एम-ए-सी-आय असा होतो, वर चिन्हं वेगळी. मुलाकडे राहायला आलेल्या आजी मात्र एस-एच-वाय-ए-एम-सी-एच-आय असंच टाइप करणार. पुस्तक कपाटात असतं आणि पडद्यावर 'काही सापडलं नाही' असं दिसतं.

मार्क नोंदीत, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेतल्या पुस्तकाच्या नोंदीत, यावर उपाय आहे. मुख्य शीर्षक 245 क्रमांकाच्या रकान्यात जातं. 880 क्रमांकाच्या रकान्यात तेच शीर्षक देवनागरीत देऊन 245शी जोडता येतं. शिवाय शीर्षकाची पर्यायी रूपं 246मध्ये देता येतात. तिथे मी लोक लिहितात तशी रोमन अक्षरं घातली. वर्गीकरणात ड्युईचा 891.463, म्हणजे मराठी कथा-कादंबरी, हा क्रमांक दिला.

निबंधात मात्र नुसते रकाने सांगून भागत नव्हतं. प्रत्येक निर्णय कोणासाठी घेतला, ते लिहायचं होतं. त्या वेळी मला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन उपयोगी पडले. त्यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरं सांगतं, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. हे सूत्र पहिल्या सत्रात मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता पडद्याशी अडलेल्या वाचकापाशी ते नेमकं लागू पडलं. नोंद नियमाप्रमाणे बिनचूक असली तरी ती वाचकापर्यंत पोचतेच असं नाही, आणि तिला तिथवर पोचवणं हेच आमचं काम आहे, असं मी त्या निबंधात लिहिलं. पुढे व्यवसायाबद्दलची माझी भूमिका मांडायची वेळ आली तेव्हाही ती याच मुद्द्यावर उभी राहिली.

ग्रंथपाल रोज इतरांना विचारतो, 'ही माहिती कुठून घेतली? आधार काय?' पोर्टफोलिओ तोच प्रश्न आपल्याला विचारतो. काम केलं, एवढं दाखवणं सोपं असतं. ते तसंच का केलं, हे सांगता आलं तरच ते आपल्याला येतं असं म्हणता येतं.

म्हणून या अभ्यासक्रमाला नव्याने येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं: पहिल्या सत्रापासून प्रत्येक असाइनमेंट जपून ठेवा आणि तिच्यासोबत चार ओळी लिहा. काय ठरवलं, दुसरे पर्याय कोणते होते, आणि वाचकाचा त्यात काय फायदा. शेवटी निबंध त्या चार ओळींतूनच उभा राहतो.