दोघांचे मंडळ

गेल्या वर्षी आईने रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. मोबाईलवर निरोप आला होता म्हणे, लसणाने रक्तदाब कायमचा जातो! मी रागावलो. ती शांतपणे म्हणाली, “अरे, तूच ना धाडलास?” खरेच की! मराठीचा प्राध्यापक मी, पण तो निरोप न वाचताच पुढे ढकलला होता.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे १५० खेड्यांत रेडिओ मंडळे चालविली. कार्यक्रम संपला की गावकरी चर्चा करीत, शंका लिहून धाडीत. उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. आमच्या घरी यंत्रे दोन, पण मंडळ नव्हते.

आता रात्री जेवणानंतर आम्हां मायलेकांचे मंडळ भरते. आई गोळी घेते, चष्मा लावते आणि प्रत्येक निरोपागणिक मला विचारते, “हे सांगणारा कोण रे?”