भिंतीवरचा गोल

मंडळी, आज जरा पोरांच्या खेळाबद्दल.

१५ सप्टेंबर २०१७ ला 'मिशन वन मिलियन'मध्ये राज्यभर पोरं फुटबॉल खेळली होती, आठवतंय? नंतर किती ठिकाणी टिकलं, ते तुम्हीच सांगा.

आपल्या वैरागात मी संध्याकाळी दहा-बारा पोरापोरींना फुटसाल शिकवतो. पाच-पाच जणांचा खेळ. भिंतीवर चुन्यानं ३ मीटर रुंद, २ मीटर उंच गोल काढलाय. बॉल ४ नंबरचा, २ मीटरवरून सोडला तर ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळतो. त्यामुळं तळपायाखाली चटकन थांबतो अन् लगेच मारता येतो.

आधी माझंच चुकत होतं. रांग लावायची, एकेकानं मारायचं. सातवीतली एक पोरगी तोंडावर म्हणाली, "सर, तासात सातच शॉट झाले. रांगेतच उभं राहायचं का?" मोजलं, तर खरंच! आता तिघातिघांचे गट. एक पास देतो, दुसरा अडवायला धावतो, तिसऱ्यानं दोन टचमध्ये मारायचं. डाव्या पायानंसुद्धा. खालच्या कोपऱ्यांत जुने टायर ठेवलेत, टायरला लागला तर दोन गुण. नुसता जोर काढणाऱ्यांची पंचाईत झालीय.

पण आता सहालाच अंधार पडतो. पहिल्यांदा पोरी घरी जातात, आईबापाचंही बरोबरच आहे. ती सातवीतली आठवडाभर आली नाही.

४० बाय २० मीटर सपाट जागा अन् दिवे, एवढंच मागणारा अर्ज नगरपंचायतीला देतोय. सही करायला रविवारी सकाळी सातला मैदानावर या. बूट घालून आलात तर गोलकीपर पाहिजेच आहे.