उरलेल्या घासाची राखण

धर्मगुरू घरी आले की त्यांना बाहेरच्या खोलीत चांगल्या खुर्चीवर बसवावे, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु पास्काच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही जातो, तेव्हा पवित्र पाण्याचा शिडकावा स्वयंपाकघरापर्यंत न्यावा लागतो, आणि घराची खरी ओळख तिथे होते. घणसोलीला लागून असलेले तळवली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. आज गावठाणातल्या जुन्या घरांभोवती उंच इमारती दाटीने उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतल्या लहान लहान बिऱ्हाडांत नगर-जालन्याकडून पोटासाठी आलेली आमची काही कुटुंबे राहतात. घर केवढेही लहान असो, फ्रीज बहुधा असतोच. आणि तो उघडला की गाठी मारलेल्या पिशव्यांची गर्दी दिसते. कोणत्या पिशवीत काय आहे आणि ते कधीचे आहे, हे पुष्कळदा घरधनिणीलाही सांगता येत नाही.

पुरोहिताने मिस्सा सोडून शिळ्या भाताविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. एकट्याने जेवणाऱ्याच्या घरी अन्न उरतेच, एवढा तरी अधिकार आम्हांला आहे. शिवाय उरलेले अन्न कशात ठेवावे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला साठ टक्के वाटा घराघरांतला होता. भारतीय घरांत माणशी वर्षाला ५५ किलो, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. म्हणजे ही नासाडी केवळ लग्नाच्या मांडवातली नव्हे. ती आपल्या ओट्यावरची आहे.

आपल्या आजीजवळ फ्रीज नव्हता, पण अन्न राखण्याची विद्या होती. दूध-दही शिंक्यावर टांगले की मांजर आणि मुंगी दोन्ही दूर राहत आणि वारा लागत राही. लोणच्याच्या बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला जाई. भाकरी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली जाई, कारण वाफ कोंडली तर भाकरी चिकट होते आणि उघडी राहिली तर कडक होते. ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणजे त्याला हवाही लागू नये आणि उजेडही. ज्याला आपण विंदालू किंवा इंद्याल म्हणतो, त्याचे मूळ नाव पोर्तुगीज असून त्यात द्राक्षमद्य आणि लसूण हे दोन शब्द आहेत. लांबच्या प्रवासात मांस टिकावे यासाठी ते आंबट द्रवात आणि लसणीत मुरवून ठेवण्याची ती युक्ती होती. कोणत्या पदार्थाला श्वास हवा आणि कोणत्याचा श्वास कोंडावा, हे त्या माउलींना नेमके ठाऊक होते. आजच्या पिशव्या आणि वेष्टने निवडताना हाच एक प्रश्न विचारायचा आहे.

ही नवी वेष्टने आली तीही मोठ्या गमतीने. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे वायूवर प्रचंड दाब देऊन वेगळेच काही शोधत होते. भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तेच पॉलिथिन. त्याच वर्षी अमेरिकेत डाऊ कंपनीत राल्फ वायली या तरुणाला प्रयोगाची एक कुपी काही केल्या घासून स्वच्छ होईना. त्या चिवट पदार्थापासून पुढे 'सरान' बनले. महायुद्धात विमानांना खाऱ्या वाऱ्यापासून जपण्यासाठी त्याचा लेप दिला जाई. युद्धानंतर त्याचाच पातळ पापुद्रा घरोघरी ताटल्यांवर ताणला जाऊ लागला. हातात धरण्याची प्लास्टिकची पिशवी स्वीडनमध्ये तयार झाली आणि १९६५ साली तिचे पेटंट झाले. ज्या वस्तूवाचून आज आपले पान हलत नाही, तिचे वय आपल्या वडीलधाऱ्यांपेक्षा फारसे अधिक नाही.

वेष्टन करते काय? ते हवा अडवते, ओलावा धरून ठेवते आणि एका पदार्थाचा वास दुसऱ्याला लागू देत नाही. याहून अधिक काही नाही. आत शिरलेले जंतू ते मारत नाही. पाच अंश ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत थंडीत गेले पाहिजे. मोठ्या पातेल्यात ते लवकर निवत नाही. दोन-तीन पसरट डब्यांत विभागले म्हणजे निवते. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावे. त्यात असणाऱ्या एका जंतूची बीजे उकळीतही जिवंत राहतात. भात बाहेर तसाच राहिला तर ती रुजतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन शुद्ध करता येत नाही. वेळेवर फ्रीजमध्ये ठेवलेला भात मात्र दुसऱ्या दिवशी फोडणीला उत्तम. कालवण तीन-चार दिवसांच्या पुढे नेऊ नये, आणि वीज वरचेवर जात असेल तर तितकेही नाही.

आता निवडीविषयी. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेले आणि खारट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात बांधू नयेत. आंबट आणि मीठ त्या धातूला खातात, कागदाला बारीक भोके पडतात आणि धातूचा अंश अन्नात उतरतो. डब्यातल्या कोरड्या पोळीसाठी तो कागद चालतो; त्याची चकचकीत बाजू आत असावी की बाहेर, हा वाद व्यर्थ आहे. ताटलीवर ताणायच्या पारदर्शक फिल्मचे प्रकार असतात. त्यांतल्या पीव्हीसीच्या फिल्ममध्ये लवचीकपणासाठी घातलेली द्रव्ये तुपातेलाच्या पदार्थांत सहज उतरतात. म्हणून खोक्यावरचा मजकूर वाचून पॉलिथिनची फिल्म घ्यावी, आणि कोणतीही फिल्म मटणाच्या तवंगाला टेकू देऊ नये. कापलेले कलिंगड, अर्धी काकडी यांच्यासाठी ती ठीक. उकळते कालवण प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ओतू नये. रंगीत, विशेषतः काळ्या पिशव्या बहुधा जुने प्लास्टिक वितळवून केलेल्या असतात; त्यांचा पूर्वजन्म कोणता, हे विचारण्याची सोय नसते.

मासळी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची तर एका जेवणापुरते वाटे करून, झिपच्या जाड पिशवीतली हवा हाताने दाबून काढून ठेवावी; हवा राहिली की मासळी कोरडी आणि चरबट होते. पाव फ्रीजच्या थंडीत लवकर शिळा होतो. तो दोन दिवस बंद पिशवीत बाहेर ठेवावा, नाही तर सरळ गोठवावा. कोथिंबीर निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद मात्र कशालाही नको. त्याच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्ये असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अन्न बांधण्यासाठी त्याचा वापर वर्ज्य केला असून २०२३ मध्ये पुन्हा तसे बजावले आहे. वडापाव मात्र अजून कालच्या बातम्यांत गुंडाळून मिळतो! आणि या साऱ्या यादीत ज्याच्याविरुद्ध काहीच लिहिण्यासारखे सापडत नाही, तो म्हणजे झाकणाचा स्टीलचा डबा.

पिशवीचा संसार अन्न संपल्यावर संपत नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्या मुंबईकर विसरलेले नाहीत. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची फिल्मही त्या यादीत आहे. तरीही बाजारात पातळ पिशवी मिळते, आणि या भागातले पावसाळी नाले ती खाडीकडे नेतात. त्याच ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केले गेले. आपली आमटी दोन दिवस सांभाळणारी पिशवी तिथल्या चिखलात कित्येक वर्षे राहते.

इथपर्यंतचे सारे ज्ञान कोणत्याही गृहशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. आम्हांला लेखणी हाती घ्यावीशी वाटली ती वेगळ्या कारणाने.

तळवलीतल्या आमच्या भगिनींपैकी काही जणी आसपासच्या मोठ्या सोसायट्यांत धुणीभांडी करतात. त्यांतल्या एकीकडे बसलो असता उरलेल्या अन्नाचा विषय निघाला. ती हसून म्हणाली, "फादर, गाठीवरूनच कळतं बघा. पिशवीला गच्च गाठ मारून दिलं, की समजायचं तीन दिवसांचं हाय. ताजं देणारी बाई डब्यात देती, आणि डबा परत आण म्हणती." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती पिशवी पोरांपुढे न सोडता वाटेतल्या कचरापेटीत टाकते, आणि दुसऱ्या दिवशी "चांगलं होतं" असे बाईंना सांगते. अन्न शेवटी वाया गेलेच. वर एका गरीब स्त्रीला खोटे बोलावे लागले.

वाचकहो, आपण अन्न देतो कधी, हे प्रत्येकाने आपापल्याशी तपासावे. पहिल्या दिवशी आपण ते स्वतःसाठी ठेवतो. दुसऱ्या दिवशी खाण्याची इच्छा नसते, पण टाकवत नाही. तिसऱ्या दिवशी वास घेऊन पाहतो, आणि मनात शंका आली की आपल्याला एकाएकी गरिबांची आठवण होते. वेष्टनाने अन्न राखले जात नाही. आपला निर्णय तेवढा लांबणीवर पडतो. जे आपल्या लेकराला द्यायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला देणे याला दान म्हणता येणार नाही.

एका लग्नात आम्ही हेच मोठ्या प्रमाणावर पाहिले. दुपारी शिजलेली बिर्याणी रात्री अकराच्या सुमारास काही उत्साही तरुण पातळ पिशव्यांत भरत होते. बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत ती वाटायची होती. आम्ही त्यांना थांबवले, तेव्हा एकाने चिडून विचारले, "मग फादर, एवढं अन्न फेकून द्यायचं का?" प्रश्न खोटा नव्हता. अन्न टाकणे हे पाप, असे त्याला आम्हीच लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते. त्या रात्री बिर्याणी पुरली गेली आणि कोणालाच समाधान वाटले नाही. परंतु रात्री अकरा वाजता त्या प्रश्नाला चांगले उत्तर असूच शकत नाही. त्याचे उत्तर दुपारी, पहिली पंगत बसण्यापूर्वी द्यावे लागते. उरले म्हणून देऊ नये. द्यायचे म्हणून आधी काढून ठेवावे.

आता यासाठी मार्गही आहेत. शिल्लक अन्न गोळा करून वाटण्याविषयी केंद्राचे नियम २०१९ साली झाले. मुंबईत निवृत्त पोलीस अधिकारी डी. शिवानंदन यांनी २०१७ च्या अखेरीस 'रोटी बँक' सुरू केली. समारंभातले अन्न वेळेवर उचलून भुकेल्यांपर्यंत नेण्याचे काम ती करते. सारा भर त्या 'वेळेवर' या शब्दावर आहे. पवित्र शास्त्रातही हेच दिसते. अरण्यातला मान्ना ज्यांनी हावेने सकाळपर्यंत राखून ठेवला, त्याला किडे पडले. पाच भाकरींच्या प्रसंगी मात्र लोक तृप्त होताच, त्याच ठिकाणी, उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करायला प्रभूने सांगितले. एकीकडे साठवण होती, दुसरीकडे राखण. आणि राखणीसाठी शिष्यांनी वापरल्या त्या टोपल्या; पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या!

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरात चार जास्तीचे स्टीलचे डबे असू द्यावेत. द्यायचा वाटा स्वयंपाक होताच त्यात काढावा, निवताच झाकण लावावे आणि त्याच दिवशी पोहोचता करावा. पिशवी दिली की संबंध तिथेच संपतो. डबा दिला की तो परत आणायला कोणीतरी दाराशी येते, दोन शब्द बोलते, पदार्थ कसा झाला होता हे खरे सांगते. आणि आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करण्याची पद्धत नाही. गरिबाच्या घरूनही त्यात चिमूटभर साखर, दोन मिरच्या, मूठभर शेंगा येतात. त्या दिवशी देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कोणी विचारत नाही.